संगणकात कोण कोणाची वाट बघतं

कमी बजेटमध्ये डेस्कटॉप जुळवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात, तोही परवडेल तेवढा मोठा, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवतात. मग काही महिन्यांनी तक्रार सुरू होते: एवढा महागाचा प्रोसेसर घेऊनही मशीन अडकतं कसं? उत्तर बहुधा प्रोसेसरमध्ये नसतंच. तो रिकामा बसलेला असतो, दुसऱ्या कुठल्यातरी भागाकडून माहिती येण्याची वाट बघत.

ही वाट किती लांबलचक असू शकते ते जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर छान दिसतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती माहिती तबकडीवर कुठेही असू शकते, त्यामुळे सरासरी अर्ध्या फेऱ्याचा वेळ, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, ती जागा फिरून वाचणाऱ्या हेडखाली येण्यातच जातो. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद लागलेले असतात. एका लहानशा तुकड्यासाठी असे १२-१३ मिलिसेकंद गेले की ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके पडणाऱ्या, प्रोसेसरचे तेवढ्यात ५ कोटींच्या आसपास ठोके पडून जातात. विंडोज सुरू होताना असे हजारो लहान तुकडे वाचले जातात. एसएसडीत माहिती चिपमध्ये साठवलेली असते, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हाच तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. म्हणून एक पायरी खालचा प्रोसेसर आणि एसएसडी हे मशीन, मोठा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क या मशीनपेक्षा रोजच्या वापरात कितीतरी चपळ वाटतं.

मात्र एसएसडीच्या आतली शर्यत वेगळी आहे. साटा या जुन्या जोडणीवरची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देते, पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडणीच्या ३.० आवृत्तीवर चालणारी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी सुमारे ३५००, आणि ४.० वाली त्याच्याही दुप्पट. हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. प्रोग्रॅम उघडताना लहान लहान वाचनं होतात आणि तिथे या तिघींमधला फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो. किमतीत फारसा फरक नसेल तर एनव्हीएमई जरूर घ्यावी, पण तिच्या वरच्या मॉडेलसाठी ग्राफिक्स कार्डाच्या पैशांना कात्री लावू नये.

एकच भाग वेगवान करून संपूर्ण काम किती वेगवान होईल, याचा हिशोब जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकांच्या रचनेमागचे ते प्रमुख अभियंता. मुळात त्यांचा मुद्दा अनेक प्रोसेसर एकत्र वापरण्याबद्दल होता, पण गणित सगळीकडे लागू पडतं. समजा एका कामाला १०० सेकंद लागतात आणि त्यातले ४० ग्राफिक्स कार्डावर जातात. कार्ड दुप्पट वेगवान केलं तर काम ८० सेकंदांत होईल. जगातलं सर्वांत वेगवान कार्ड आणलं तरी ते ६० सेकंदांच्या खाली येणार नाही, कारण ते ६० सेकंद कार्डाच्या हातात नाहीतच. अ‍ॅमडाल यांच्याच नावाने समतोलाचा एक ठोकताळाही ओळखला जातो: सेकंदाला जितक्या सूचना पार पाडायच्या, तितके बाइट मेमरी आणि सेकंदाला तितके बिट आत-बाहेर नेण्याची सोय हवी. आकडे मेनफ्रेमच्या, म्हणजे जुन्या अवाढव्य संगणकांच्या, काळातले आहेत, पण त्यामागची समज आजच्या स्वस्तातल्या मशीनलाही तंतोतंत लागू आहे.

गेमिंगमध्ये हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, प्रोसेसर आधी ठरवतो की कोण कुठे आहे, कोणाला धक्का लागला, काय काय काढायचं. ग्राफिक्स कार्ड मग ते चित्र प्रत्यक्ष रंगवतं. दोघं एकाच वेळी काम करतात, एक पुढची फ्रेम तयार करत असताना दुसरं आधीची रंगवत असतं. त्यामुळे वेग ठरतो तो दोघांतल्या संथ भागावर. प्रोसेसरला ८ आणि कार्डाला २० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ५० फ्रेम मिळतात. प्रोसेसर बदलून ८ चे ५ केले तरी फ्रेम ५०च. तेच पैसे कार्डात घालून २० चे १० केले की १०० फ्रेम. कार्ड आणखी वाढवून ६ वर आणलं, तर मात्र आता प्रोसेसर अडवतो आणि गाडी १२५ वर थांबते.

आता रिझोल्यूशन बदलून बघा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, ३८४० गुणिले २१६० वर बरोबर चौपट. कार्डाचं काम कित्येक पटींनी वाढतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे तीच जोडी एका पडद्यावर प्रोसेसरमुळे अडेल आणि दुसऱ्यावर कार्डामुळे. इंटरनेटवर दोन भागांची नावं टाकली की ‘बॉटलनेक (म्हणजे अडवणारा संथ भाग) १४ टक्के’ असा निकाल देणारी पानं आहेत. त्यांच्यावर विसंबून कुणी खरेदी करू नये असं मला मनापासून वाटतं. कोणता गेम, कोणता पडदा, कोणतं सेटिंग हे ठाऊक नसताना तो आकडा कशाचा हेच कळत नाही. शिवाय संथ दुवा प्रत्येक मशीनमध्ये असतोच. तो कुठे असावा एवढं आपण ठरवू शकतो. गेमिंगसाठी तो ग्राफिक्स कार्डापाशी असलेला बरा, कारण सेटिंग थोडं उतरवून कार्डाचा भार लगेच कमी करता येतो. प्रोसेसर कमी पडला तर फ्रेम झटके देत येतात आणि सेटिंग उतरवून त्यात फारसा फरक पडत नाही.

स्वतःच्या जुन्या मशीनवर हे तपासता येतं. खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची. तो ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर कुठलीही मर्यादा घातलेली नसेल, तर बहुधा प्रोसेसरची. इथे एक फसगत होते: प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्के दिसतो, मग तो कसा अडवेल? पण १२ थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी कामाच्या १२ रांगा चालवणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण राबत असला तरी एकूण आकड्यात तो फक्त ८ टक्के दिसतो, आणि अनेक गेमचा मुख्य भाग एकाच थ्रेडवर चालतो.

भाग एकेकटे चांगले असूनही जोडी कशी बिघडते, याचं सर्वांत बोलकं उदाहरण मला २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात दिसतं. त्यात ४ गिगाबाइट मेमरी आहे आणि मदरबोर्डशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन, म्हणजे माहिती नेणाऱ्या वाटा. ४.० आवृत्तीत दर लेन सेकंदाला साधारण २ गिगाबाइट वाहून नेते, ३.० मध्ये साधारण १. गेमचा पसारा ४ गिगाबाइटमध्ये मावला नाही की उरलेला मुख्य मेमरीतून (रॅममधून) याच रस्त्याने यावा लागतो. नव्या बोर्डावर तो रस्ता ८ गिगाबाइटचा, जुन्या ३.० बोर्डावर ४ चा. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बहुधा जुनाच बोर्ड असतो, आणि नेमका तिथेच काही गेममध्ये वेग चांगलाच घसरतो. रायझन ५ ५५०० घेतला तर बोर्ड नवा असूनही तोच अनुभव येतो, कारण तो प्रोसेसर ३.० पर्यंतच जातो. ५६०० मात्र ४.० देतो. दोघांनाही ६ कोअर आणि १२ थ्रेड. खोक्यावरचे ठळक आकडे वाचून हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रॅमच्या बाबतीतही असंच. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमच्या एका चॅनेलमधून, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका रस्त्यातून, सेकंदाला २५.६ गिगाबाइट जातात, दोन चॅनेलमधून ५१.२. सोळा गिगाबाइटची एकच पट्टी लावली तर क्षमता पूर्ण मिळते, रस्ता अर्धाच. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फटका मध्यम बसतो. पण प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवायचं असेल तर पिक्सेल रंगवण्याची सगळी ये-जा याच रस्त्याने होते, म्हणून तिथे आठ-आठच्या दोन पट्ट्याच घ्याव्यात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो त्यांत ग्राफिक्स नसतंच. तो थोडा स्वस्त असतो खरा, पण कार्ड नंतर घेऊ म्हणणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मदरबोर्डावर पैसे वाचवता येतात, पण एका जागी नीट बघून. प्रोसेसरला वीज लागते साधारण १.२ व्होल्टची आणि पॉवर सप्लायकडून येते १२ व्होल्टची. कोअर आय५ १२४०० एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो, म्हणजे बोर्डावरच्या व्होल्टेज रेग्युलेटरला १०० अँपिअरच्या जवळपास प्रवाह द्यावा लागतो. साधा बोर्ड हे पेलतो. २४१ वॉट खेचणारा आय९ १२९०० के त्याच बोर्डावर बसतो खरा, पण रेग्युलेटर तापले की प्रोसेसरचा वेग खाली आणला जातो आणि जास्तीचे पैसे वाया जातात. कॅबिनेटबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे: पुढची बाजू जाळीची असावी, निदान दोन पंखे बसावेत. दिवे नसले तरी चालतील.

पॉवर सप्लायवर मात्र काटकसर नकोच. वर सांगितलेला आय५ आणि १३२ वॉटचं आरएक्स ६६०० कार्ड, सोबत बाकीच्या भागांचे पन्नासेक वॉट धरले तर बेरीज ३०० च्या आसपास येते. चांगला ४५० किंवा ५०० वॉटचा सप्लाय पुरतो. ७५० चा निकृष्ट सप्लाय घेण्यात काही अर्थ नाही. लेबलवर एकूण वॉटऐवजी १२ व्होल्टसमोर किती वॉट लिहिलेत ते बघावं, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तिथूनच वीज घेतात. ‘८० प्लस’ची खूण कार्यक्षमता सांगते, संरक्षणाबद्दल काही सांगत नाही. कार्डाचा भार क्षणभरासाठी नेमलेल्या वॉटच्या कितीतरी वर उसळतो, सप्लायसाठीच्या एटीएक्स ३.० या मानकाच्या नियमांत मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भारही पेलावा अशी अपेक्षा आहे. १२ व्होल्टमधला चढउतार १२० मिलिव्होल्टच्या आत ठेवणं, शॉर्टसर्किट झालं तर लगेच बंद पडणं, ही कामं जो सप्लाय करत नाही तो जाताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. बाकी भागांची चूक बहुधा फक्त वेग कमी करते.

सगळं जुळवून झाल्यावर तीन गोष्टी तपासायच्या राहतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, की मदरबोर्डाला? चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, तरी बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करावी. आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर नेणारा पर्याय चालू करावा. तो बंद असेल तर ३२०० ची म्हणून विकत घेतलेली पट्टी अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. चालू केल्यावर एखाद्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर मेमरी प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून तिथला १६०० म्हणजेच ३२००.