नळीविना फुप्फुसाची शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

फुप्फुसावर शस्त्रक्रिया झाली की छातीत नळी आलीच. हॉस्पिटलात तिला ‘आयसीडी’ (इंटरकोस्टल ड्रेन, म्हणजे बरगड्यांमधून घातलेली निचऱ्याची नळी) म्हणतात. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच फुप्फुस फुगलेलं राहतं. तिथे हवा शिरली की ते आकसतं. साठलेली हवा आणि पाणी बाहेर काढणं हे नळीचं काम.

१८७५ च्या सुमारास हॅम्बर्गचे डॉक्टर गोटहार्ड ब्यूलाव यांनी नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत वापरली : आतलं बाहेर येतं, बाहेरची हवा आत जात नाही. तिचं खरं मोल १९१८ मध्ये कळलं. फ्लूच्या साथीत अमेरिकी लष्करी छावण्यांत सैनिकांच्या छातीत पू होत होता. घाईने बरगडी कापून छाती उघडायची, असा रिवाज होता आणि सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहॅम ज्या समितीत होते, तिने उलटं सांगितलं : आधी बंद नळीने निचरा, उघडणं नंतर. मृत्यू ४ टक्क्यांच्या आसपास आले. अशी कामगिरी केलेल्या नळीला पुढे कोण हात लावणार?

छातीत घालायची दुर्बीण तशी जुनीच. स्टॉकहोमचे डॉक्टर याकोबेउस यांनी १९१० मध्येच ती छातीत घातली होती. १९९० च्या दशकात कॅमेरा आला, चिरे दोन-चार सेंटिमीटरचे झाले. नळी मात्र करंगळीएवढी जाडच राहिली. बरगड्यांमधली नस ती दाबते, दुखतं, मग रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते.

नळी वगळण्याचं पद्धतशीर काम जपानमध्ये दिसतं. सप्पोरोच्या सर्जननी २००४ मध्ये फुप्फुसाचा लहान तुकडा काढलेल्या निवडक रुग्णांत नळी टाळल्याचं मांडलं. २०१३ मध्ये जपानमधूनच मोठ्या शस्त्रक्रियांचाही अनुभव आला. त्यामागे धाडसापेक्षा तपासणी जास्त आहे. छातीत सलाइन ओतून फुप्फुस फुगवायचं, बुडबुडे येतात का पाहायचं, गळती असेल तर बुजवायची. काही ठिकाणी शेवटचा टाका घालेपर्यंत बारीक नळी ठेवतात आणि हवा संपली की टेबलावरच काढतात. नंतर एक्स-रे.

असा रुग्ण नळीला जोडलेली बाटली न सांभाळता लवकर उठतो, चालतो, श्वासाचे व्यायाम नीट करतो. राहिलेली थोडी हवा शरीरच शोषून घेतं. पण दम वाढला, किंवा कातडीखाली फुगून दाबल्यावर करकर लागली, तर लगेच कळवायला हवं. क्वचित नळी नंतर घालावी लागते. एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होण्याचा आजार) असलेल्यांना किंवा जुन्या टीबीने फुप्फुस चिकटलेल्यांना सहसा या वाटेने नेत नाहीत. आपल्याकडे टीबी होऊन गेलेले लोक पुष्कळ, त्यामुळे ही गाळणी इथे महत्त्वाची.

नळी सगळ्यांसाठी गेलेली नाही : २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही नळ्यांच्या संख्येबद्दल फुप्फुसाचा मोठा भाग काढल्यावर दोनऐवजी एक नळी पुरे, एवढंच म्हटलं आहे.