लघुसैन्यांची मांडणी (ऐतिहासिक युद्धखेळ)

एखाद्या जुन्या लढाईतील सैन्ये रंगवलेल्या छोट्या शिपायांच्या रूपात, टेकड्या, ओढे, गावांसकट टेबलावर उभी करण्याची कला. तेच सैन्य फासे टाकून लढवता येते आणि नुसते पाहायलाही ठेवता येते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने (१९१३) खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला छापील नियम दिले. लंडनच्या ‘सॅल्यूट’सारख्या वार्षिक मेळ्यांत काही टेबले केवळ प्रेक्षकांसाठीच मांडलेली असतात.

शिपायांची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. २८, १५ आणि ६ ही रुळलेली मापे. २८ मिमीच्या शिपायाला डोळेसुद्धा काढता येतात. ६ मिमीला तो प्रश्नच उरत नाही, पण रांगा खऱ्या फौजेसारख्या भरगच्च दिसतात. आधी प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून दिलेला पहिला थर), मग मूळ रंग, घड्यांत साचणारा पातळ गडद रंग, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशचा हलका हात आणि शेवटी वॉर्निश. छटा मुद्दाम उजळ ठेवतात, कारण खऱ्या कापडाचा रंग एवढ्याशा आकारावर मळकट दिसतो.

खरी गंमत, आणि लबाडीही, मापांत आहे. २८ मिमीचा शिपाई माणसाच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढा. त्याच मापाने १ किलोमीटरचे रणांगण मांडायचे, तर टेबल सुमारे १७ मीटर लांब लागेल! म्हणून जमीन शिपायांपेक्षा कितीतरी लहान मापाने आखतात. ६०० जणांची पलटण २०-३० शिपायांत भागते, अख्खे गाव दोन-तीन घरांत. झाडे सुटी ठेवतात, म्हणजे फौज रानात शिरली की ती उचलता येतात. गणवेशाच्या बटणावरून हमरीतुमरीवर येणारे हौशी लोक अंतरांचा हा घोळ मात्र मुकाट चालवून घेतात.

मांडणीवरून झालेला सर्वांत गाजलेला वाद खेळातला नाही, प्रतिकृतीचा आहे. नेपोलियनचा पराभव झालेल्या वॉटर्लूच्या लढाईची (१८१५) प्रतिकृती करण्यासाठी विल्यम सिबोर्न या ब्रिटिश लेफ्टनंटाने रणांगणावरच्या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून मोजणी केली आणि लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून कोण कुठे होते ते विचारले. ७०,००० हून अधिक चिमुकले शिपाई त्याने संध्याकाळी सातच्या सुमारास जसे होते तसे उभे केले. १८३८ मध्ये लंडनमध्ये ती खुली झाली. अडचण अशी, की तिच्यातली प्रशियन (ब्रिटिशांच्या जर्मन मित्रराज्याची) फौज ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या अहवालातल्यापेक्षा बरीच पुढे आलेली दिसत होती, म्हणजे विजयातला तिचा वाटाही मोठा ठरत होता. वरून दबाव आला. अखेर सिबोर्नने हजारो प्रशियन शिपाई उचलून टाकले. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.