युट्युब कलाकार (सांगली-सातारा)

अॅक्टिंग, गाणं-वाजवणं आणि व्हिडिओ करून ऑनलाइन टाकणं ही तिन्ही कामं एकाच तरुण माणसानं करायची, ती पण बहुतेक गावात राहूनच, अशाला सांगली-साताऱ्याकडं युट्युब कलाकार म्हणतात. नुसतं युट्युबर म्हटलं की त्यात शेतीची माहिती सांगणारा पण येतो आणि मोबाईलचा रिव्ह्यू करणारा पण, आणि रीलस्टार हा शब्द इन्स्टावाल्यांचा, म्हणून पुढं कलाकार लावायचं.

ही रीत नक्की कुठनं आली यावर दोन मतं आहेत. सांगलीत जास्त ऐकू येतं ते नाटककार विष्णुदास भाव्यांचं. सांगली संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर हे नाटक केलं, त्यात आख्यान रचणं, पदं करणं, चाली लावणं, पोरं तयार करणं हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर होतं. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं जागेवर, सुचेल तशी करायची. आजचे कितीतरी एपिसोड असेच होतात, सीन काय आहे ते सांगायचं आणि कॅमेरा चालू करायचा. आता त्याला पहिलं मराठी नाटक म्हणतात, पण ते खरंच पहिलं होतं का, तर तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारातली मराठी नाटकं त्याच्या दीडेकशे वर्षं आधीची, म्हणजे साधारण १६९० च्या आसपासची धरली जातात, शिवाय भाव्यांना ही कल्पना १८४२ च्या सुमाराला सांगलीत आलेल्या कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळावरनं सुचली असं नाट्य-इतिहासात सांगितलं जातं, त्यामुळं पहिलं हा शब्द जरा जपून वापरलेला बरा. आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे ते पुढचं. १८५१ मध्ये पटवर्धन वारले, आश्रय सुटला, मग भाव्यांनी कंपनी घेऊन दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजाच्या पैशावरनं बघणाऱ्याच्या पैशावर यायचं हे वळण सांगलीच्या कलाकारानं तेव्हाच घेतलेलं आहे.

दुसरं मत तमाशाचं, आणि अभिनयापुरतं तरी तेच जास्त सबळ वाटतं. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे लावणीकार पठ्ठे बापूराव, कवलापूरचे तमाशा कलावंत काळू-बाळू, ही सगळी इथलीच माणसं. गावाकडच्या कुठल्याही कॉमेडी एपिसोडची बांधणी बघा, एक भोळा, एक बेरकी, पारावर गाठ पडते, "काय लगा, कुठं निघालास" इथनं सुरुवात होते आणि शब्दाला शब्द लागत जातो, ही सरळसरळ तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाबाचा भाग, आहे. संगीताचं बोलायचं तर मिरजेचं नाव निघतंच, तिथली सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्यही तिथंच होतं, पण या पोरांचं वाजवणं त्या अंगानं फारसं आलेलं नाही, ते आलंय भजनी मंडळातनं, बेंजो पार्टीतनं, हलगी-संबळातनं आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड बडवून.

साताऱ्याकडं याला शूटिंगची एक जोड आहे. वाई, मेणवलीचा घाट इथं सिनेमा आणि सिरियलची युनिटं कायम येतात, आणि लाइट कसा लावतात, माईक कुठं धरतात हे तिथं गर्दीत उभं राहून शिकलेली पोरं पुढं स्वतःचं चॅनेल काढतात.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं, तिथनं खरी वाढ. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचं सगळं तिथंच होतं त्यांचं एका रात्रीत गेलं. जुलैत इन्स्टाचे रील्स आणि सप्टेंबरात युट्युबचे शॉर्ट्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, आले, पण तिथं पुन्हा शून्यापासनं.

कमाईचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असतात तरी नोंदवून ठेवायला हवेत. जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास वॉच टाइम लागतो, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज, आणि शॉर्ट्स फीडमधले व्ह्यूज त्या ४,००० तासांत धरत नाहीत, इथंच पुष्कळ जण फसतात. मोठ्या व्हिडिओवर ५५ टक्के आणि शॉर्ट्सवर ४५ टक्के वाटा मिळतो. १० डॉलर झाले की पत्त्याची खात्री करायला पोस्टानं पिन येतो, वाडी-वस्तीवरच्या पत्त्यावर तो यायला वेळ लागतो, म्हणून पोस्टमनला आधीच सांगून ठेवतात. १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत काही येत नाही.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो क्लेमचा, म्हणजे व्हिडिओतलं गाणं आपलं आहे अशा मालकाच्या दाव्याचा. समजा ऊसतोडीच्या दिवसांत पारावर सीन चाललाय, तिसऱ्या टेकला सगळं जमून आलंय, आणि मागनं उसाची ट्रॉली ओढत ट्रॅक्टर जातो, टेपवर फुल आवाजात सिनेमातलं गाणं. दहा-पंधरा सेकंदच, पण कंटेंट आयडी ही युट्युबची गाणी ओळखणारी यंत्रणा ते पकडते आणि अख्ख्या एपिसोडची कमाई गाण्याच्या मालकाकडं वळू शकते. तेवढा तुकडा कापता येतो, आवाज म्यूट करता येतो, पण मग नेमका पंच जातो. डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकला तर समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात, आणि क्लेम आल्यापासनं ५ दिवसांच्या आत टाकला तर पहिल्या दिवसापासनंची कमाई बाजूला राखून ठेवली जाते, हे माहीत नसल्यानं पोरं आठवडाभर नुसती बसून राहतात. क्लेम आणि स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याचा इशारा) वेगळे. क्लेमनं पैसे जातात, ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच जाऊ शकतं.

यावर उपाय म्हणून स्वतःचं संगीत करायचं, आणि याचसाठी या कलाकाराला वाजवता यावं लागतं. भिंतीला गोधड्या लावून घरातल्या खोलीतच रेकॉर्डिंग होतं. जुनं घ्यायचं तर आपल्याकडं कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात. पठ्ठे बापूरावांचं निधन १९४५ सालचं धरलं तर त्यांच्या लावण्या २००५ अखेर मोकळ्या झाल्या. मात्र त्या लावणीचं कुणी कंपनीनं काढलेलं रेकॉर्डिंग वेगळं, त्याचा हक्क वेगळा चालतो.

यात राहून जातो तो वाजवणारा. हलगीवाला येतो, दोन तास वाजवतो, चहा आणि ठरलेली बिदागी घेऊन जातो आणि व्हिडिओत त्याचं नाव कुठंच नसतं. कायद्यानं सादर करणाऱ्याचा हक्क १९९९ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचा आहे आणि २०१२ पासनं नाव लावून घ्यायचा हक्कही त्याला स्पष्ट दिलाय. चॅनेल डिलीट झालं, फोन रिसेट झाला की त्यानं वाजवलं होतं याची एकुलती एक खूण जाते, म्हणून हे नाव फार महत्त्वाचं आहे. काही चॅनेलं आता डिस्क्रिप्शनमध्ये हलगी, ढोलकी, कोरस, सगळ्यांची नावं गावासकट लिहितात. लावणीच्या शेवटच्या कडव्यात पठ्ठे बापूराव आपलं नाव गुंफायचे, त्यामुळं ती कुठल्याही फडावर गेली तरी कुणाची आहे ते ऐकणाऱ्याला कळायचं.