ऑटोपायलट लावला की काम संपत नाही

कोल्हापुरात घरी संगणकावर विमानाचा सिम्युलेटर चालवणाऱ्यांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: 'लांबचं कार्गो उड्डाण? ऑटोपायलट लाव आणि झोप!' हे चूक आहे.

ऑटोपायलट फक्त सांगितलेलं करतो. बोइंग ७७७ फ्रेटर, म्हणजे मालवाहू विमान, भरून निघालं की वजन सुमारे ३४७ टन. आपल्या उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर ७२ या छोट्या प्रवासी विमानाचं जेमतेम २३. इतक्या वजनाने सुरुवातीलाच ३९ हजार फूट गाठता येत नाही. इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर जावं लागतं. विमानातला संगणक नवी उंची सुचवतो, पण पॅनेलवर ती आपणच लावायची.

खरी परीक्षा उतरताना. खालची उंची आधी लावली नाही, तर जिथून खाली यायला सुरुवात करायची तो बिंदू मागे पडतो आणि विमान निमूट त्याच उंचीवर सरळ जात राहतं. ३६ हजार फुटांवरून उतरायला साधारण २०० किलोमीटर आधी सुरुवात हवी. त्या वेळी झोपलेला माणूस धावपट्टीच्या वरून पुढे निघून जातो.

शिवाय ७७७ फ्रेटरची धावपट्टीवर उतरण्याची वजनमर्यादा सुमारे २६१ टन. भरून निघाल्यावर लगेच परतायचं झालं, तर सहसा आधी इंधन हवेत सोडावं लागतं. तो निर्णयही ऑटोपायलट घेत नाही.