रॉकेट आणि अवकाश उड्डाणांच्या इतिहासाचं जतन

रॉकेट, मिसाइल आणि अवकाशात सोडलेली यानं यांचं जे काही मागे उरलंय ते सांभाळणं, म्हणजे यंत्रं, ड्रॉइंग, पत्रव्यवहार, फोटो, फिल्म, टेप, लाँच पॅड आणि तिथे राबलेल्या माणसांच्या आठवणी जपून कुणालाही बघता-वाचता येतील अशा ठेवणं, याला रॉकेट इतिहासाचं जतन म्हणतात. जुन्या मोटारी किंवा रेल्वे इंजिनं जपण्यापेक्षा हे काम अवघड, कारण बहुतेक रॉकेट्स काम नीट झालं की उरतच नाहीत, खालचे टप्पे समुद्रात पडतात, काही हवेत जळतात, वरचा भाग कक्षेत फिरत राहतो. त्यामुळे म्युझियममध्ये आपण जे रॉकेट बघतो ते बहुतेक वेळा न उडालेलं असतं, आणि जे उडालं त्याची खरी गोष्ट कागदांत आणि टेपांत असते. आणि जागा कमी पडली की नेमके कागद आणि टेपच आधी बाहेर जातात.

पहिल्या उड्डाणापासून

द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथे उडवलं. अडीच सेकंद चाललं, साधारण १२ मीटर वर गेलं आणि ५६ मीटरवर जाऊन पडलं. त्यांच्या पत्नी एस्थर कॅमेरा घेऊन उभ्या होत्या पण त्या कॅमेऱ्याची चावी काही सेकंदच चालायची, आणि रॉकेट उडालं तेव्हा नेमकी चावी संपलेली, म्हणून त्या उड्डाणाची फिल्मच नाही. तरी आज गोडार्डबद्दल एवढं नीट माहीत आहे ते एस्थरमुळेच. पुढच्या चाचण्यांच्या फिल्म त्यांनी काढल्या, १९४५ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या वह्या आणि टिपणं लावून घेतली, ती छापून येईपर्यंत पाठपुरावा केला. गोडार्डच्या नावावर २१४ पेटंट आहेत, त्यातली १३१ त्यांच्या मृत्यूनंतर एस्थरच्या खटपटीने मिळालेली. या क्षेत्रात पुढेही हेच दिसतं, ऑफिसपेक्षा कुणीतरी एक हट्टी माणूस वस्तू वाचवतो.

यंत्रं

जुन्या यंत्रांमध्ये मैसूरची लोखंडी नळ्यांची रॉकेट्स येतात, १८व्या शतकात हैदर अली आणि टिपू सुलतानच्या सैन्याने इंग्रजांवर सोडलेली, ज्यांच्यावरून इंग्लंडमध्ये विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेट्स केली. २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे एका पडीक विहिरीत अशी हजारावर रॉकेट्स सापडली.

चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ ची उडवण्यासाठी १५ बांधली आणि १३ उडाली. आज तीन ठिकाणी अख्खं सॅटर्न ५ बघायला मिळतं, ह्यूस्टन, केनेडी स्पेस सेंटर आणि हंट्सव्हिल, पण ती उरलेल्या आणि चाचणीच्या टप्प्यांची जुळवाजुळव आहे, फक्त ह्यूस्टनच्या रॉकेटचे सगळे टप्पे खरोखर उडवण्यासाठी बनवलेले. तेही १९७७ पासून पंचवीसेक वर्षं उघड्यावर आडवं पडून होतं, पाणी आत शिरलं, गंज चढला, पक्ष्यांनी घरटी केली, मग कुठे पैसे उभे राहून त्याच्यावर इमारत उभारली गेली आणि दुरुस्ती झाली. एवढं मोठं ११० मीटरचं धूड म्हणजे कुणाला वाटेल याला काय होतंय, पण हवाई यंत्राचा पत्रा पातळ असतो, पावसात तो टिकायला बनवलेलाच नसतो. ॲटलस या अमेरिकन रॉकेटचं उदाहरण बघा, त्याच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या इतक्या पातळ की आत हवेचा दाब नसेल तर स्वतःच्या वजनाने बसतील. त्यामुळे असं ॲटलस म्युझियममध्ये ठेवायचं तर आत हवा भरलेली ठेवावी लागते, दाबावर लक्ष ठेवावं लागतं, वर्षानुवर्षं.

काही वस्तू पडल्या तिथूनच परत आणल्या गेल्या. ब्रिटनने स्वतःच्या रॉकेटने कक्षेत सोडलेला एकच उपग्रह प्रॉस्पेरो, २८ ऑक्टोबर १९७१ ला ऑस्ट्रेलियातल्या वूमेरावरून ब्लॅक ॲरो रॉकेटने नेला, आणि तेव्हा तो कार्यक्रम आधीच रद्द झालेला होता! त्या रॉकेटचा पहिला टप्पा माळरानात चाळीसपेक्षा जास्त वर्षं पडून होता, तो २०१९ च्या सुरुवातीला स्कॉटलंडला आणला. अटलांटिकच्या तळाशी चार किलोमीटरपेक्षा खोल पडलेली सॅटर्न ५ ची एफ-१ इंजिनं जेफ बेझोस यांच्या मोहिमेने २०१३ मध्ये वर काढली. कॅन्ससच्या कॉस्मोस्फिअर म्युझियममध्ये साफसफाई चालू असताना एका तुकड्यावर गंजाखाली २०४४ हा आकडा दिसला, आणि त्या आकड्यावरून कळलं की हे अपोलो ११ चं मधलं, पाच नंबरचं इंजिन. आता हा आकडा कुठल्या यानाचा हे सांगणारं रजिस्टर कुणी जपलं नसतं तर ते इंजिन नुसतं वाकलेलं लोखंड होतं.

ड्रॉइंग आहेत, तरी पुरत नाहीत

सॅटर्न ५ ची ड्रॉइंग हरवली अशी गोष्ट खूप फिरते, ती खरी नाही, नासाच्या मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरकडे मायक्रोफिल्मवर ती आहेत. पण खरी अडचण दुसरीच निघाली. मार्शलच्या तरुण इंजिनिअरांनी जपून ठेवलेलं एफ-१ इंजिन खोललं, थ्री-डी स्कॅन केलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गॅस जनरेटर, म्हणजे पंप फिरवायला गरम वायू तयार करणारा भाग, पुन्हा पेटवून दाखवला. तेव्हा लक्षात आलं की इंजिनं हाताने वेल्डिंग करून बनवलेली, जुळवताना कारागिरांनी जागच्या जागी बारीकसारीक बदल केलेले, प्रत्येक इंजिन थोडं वेगळं, आणि यातलं बरंचसं ड्रॉइंगवर आलेलंच नाही, ते करणाऱ्यांच्या हातात आणि वहीत होतं. म्हणून इंजिनिअर, वेल्डर, टेक्निशियन यांच्या मुलाखती रेकॉर्ड करणं हा जतनाचाच भाग मानतात. नासाचं इतिहास ऑफिस १९५९ पासून आहे, ह्यूस्टनला १९९० च्या दशकात मुलाखतींचा मोठा प्रकल्प सुरू झाला. रशियाच्या बाजूने तिथले रॉकेट इंजिनिअर बोरिस चेर्तोक यांनी म्हातारपणी चार खंडांत आठवणी लिहिल्या आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर नासाने स्वतः करून फुकट उपलब्ध केलं. एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याने हे केलं याचं फार कौतुक वाटतं.

टेपांचं काय झालं

अपोलो ११ चं चंद्रावरून येणारं मूळ चित्र टीव्हीवर दिसलं त्यापेक्षा बरंच स्पष्ट होतं, कारण कॅमेरा सेकंदाला दहाच फ्रेम वेगळ्या पद्धतीने पाठवत होता आणि जगाला दाखवायला त्याचं रूपांतर करताना ते खराब झालं. मूळ सिग्नल टेलिमेट्रीच्या (यानाकडून रेडिओवर येणाऱ्या माहितीच्या) टेपांवर रेकॉर्ड झाला होता. पुढे शोधाशोध झाली आणि २००९ मध्ये नासाने सांगितलं की त्या टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कारण नंतर टेपांचा तुटवडा होता. कुणी मुद्दाम काही केलं नाही, टेप म्हणजे कोरा माल एवढंच कारण. टीव्ही स्टेशनांकडे राहिलेल्या प्रतींवरून मग ते चित्रण सुधारून घेतलं गेलं.

याच्या उलट गोष्ट लुनार ऑर्बिटरची. १९६६-६७ मध्ये पाच यानांनी चंद्राचे फोटो काढले, त्यांचे सुमारे १५०० टेप होते आणि ते वाचायला फ्रिजएवढ्या मशीन लागायच्या ज्या जवळपास सगळ्या भंगारात गेलेल्या. टेप टाकून द्यायची वेळ आली तेव्हा नासाच्या नॅन्सी इव्हान्स यांनी नाही म्हटलं, मशीनही मिळवल्या आणि वीस वर्षांच्या आसपास स्वतःच्या घरी ठेवल्या. मग २००७-०८ च्या सुमाराला डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या टीमने कॅलिफोर्नियात नासाच्या आवारातल्या बंद पडलेल्या मॅकडॉनल्ड्समध्ये त्या मशीन चालू केल्या, आणि १९६६ चा तो चंद्राआडून पृथ्वी दिसणारा फोटो पूर्वी कधी नव्हता इतका स्वच्छ निघाला. आवाजाचंही तसंच, अपोलोच्या मिशन कंट्रोलचं बोलणं ३० ट्रॅकच्या टेपांवर होतं आणि वाचणारी मशीन उरली होती एक, तीही एका वेळी एकच ट्रॅक वाचणारी, त्या हिशोबाने डिजिटल करायला १७० वर्षं लागली असती. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या लोकांनी ३० ट्रॅक एकदम वाचणारा हेड बनवून घेतला आणि सुमारे १९,००० तासांचा आवाज आज ऐकायला मिळतो, त्यात मागच्या खोलीतल्या साध्या कंट्रोलरचं बोलणंही आहे.

लपवलेला इतिहास

मिसाइल आणि रॉकेट एकाच घरातली भावंडं, त्यामुळे यातला अर्धा इतिहास जन्मतःच गुप्त. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीच्या व्ही-२ मिसाइलचे सुमारे १४ टन कागद १९४५ च्या एप्रिलमध्ये डोर्नटेनजवळच्या खाणीत लपवले होते, ते अमेरिकेने काढून नेले. पण व्ही-२ म्हटलं की फक्त इंजिनिअरिंग सांगून चालत नाही, मित्तेलबाऊ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून ती बनवून घेतली होती आणि बनवताना मेलेल्यांची संख्या ती डोक्यावर पडून मेलेल्यांपेक्षा जास्त होती. जे प्रदर्शन हे सांगत नाही ते अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

सोव्हिएत युनियनमध्ये मुख्य डिझायनर सर्गेई कोरोल्योव्ह यांचं नाव जगाला ते जानेवारी १९६६ मध्ये वारल्यावर कळलं. २४ ऑक्टोबर १९६० ला आर-१६ मिसाइल पॅडवरच पेटलं, मार्शल नेडेलिन आणि कितीतरी लोक मेले, बाहेर सांगितलं गेलं की नेडेलिन विमान अपघातात गेले, खरी हकीकत १९८९ मध्ये छापून आली आणि मेलेल्यांचे आकडे आजही वेगवेगळे सांगितले जातात. शुक्राकडे निघालेलं पण पृथ्वीच्या कक्षेतच अडकलेलं यान कॉसमॉस २७ अशा साध्या नावाखाली खपवलं जायचं. अशा वेळी बाहेरच्या लोकांनी इतिहास लिहून काढला. इंग्लंडमध्ये केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी हे शिक्षक मुलांना घेऊन उपग्रहांचे सिग्नल ऐकायचे, १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ च्या कक्षेवरून त्यांनी ओळखलं की हे बैकानूर या माहीत असलेल्या तळावरून सुटलेलं नाही, उत्तरेला दुसरा तळ आहे. तो प्लेसेत्स्क होता, आणि सोव्हिएत सरकारने तो १९८३ मध्ये मान्य केला!

आजही सगळं उघड करता येत नाही. लांब पल्ल्याच्या मिसाइलचं तंत्रज्ञान पसरू नये म्हणून १९८७ पासून काही देशांनी आपसांत ठरवलेले नियम आहेत, त्यामुळे मार्गदर्शन यंत्रणेसारखे तपशील अजूनही बंद असतात. ॲरिझोनातल्या टायटन २ या अणुमिसाइलच्या म्युझियममध्ये खरं मिसाइल सायलोत, म्हणजे जमिनीखालच्या विहिरीसारख्या जागेत, उभं आहे, पण त्याच्या टोकाला भोक पाडलेलं आणि सायलोचं झाकण कायम अर्धं उघडं अडकवलेलं, म्हणजे वरून जाणाऱ्या दुसऱ्या देशाच्या उपग्रहांना खात्री पटावी की हे आता चालत नाही.

नोंदी आणि तारखा

प्रत्येक उड्डाणाची यादी करणं सोपं वाटतं पण तारखेपासूनच घोळ होतो. स्पुतनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला सुटला असं सगळे म्हणतात, मात्र लाँच पॅडवर स्थानिक वेळेने तेव्हा ५ तारीख लागली होती, आणि एक्सप्लोरर १ अमेरिकेत ३१ जानेवारी १९५८ ला पण जागतिक वेळेने १ फेब्रुवारीला. म्हणून चांगल्या यादीत जागतिक वेळ लिहितात. कक्षेतल्या वस्तूंना आंतरराष्ट्रीय क्रमांकही असतो, १९६३ च्या आधी तो ग्रीक अक्षरांत होता, त्यात १९५७ अल्फा १ म्हणजे स्पुतनिकला नेणारं रॉकेट आणि अल्फा २ म्हणजे स्पुतनिक स्वतः. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी अशी प्रचंड यादी अनेक दशकं खपून केली आणि सगळ्यांना खुली ठेवली, त्यात फसलेली उड्डाणंही आहेत.

घरात किंवा जुन्या ऑफिसात अशा वस्तूंचं खोकं मिळालं तर कागदांचा क्रम बदलू नये, कुठला कागद कशाशेजारी होता यातही माहिती असते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने नावं, जागा, तारीख लिहावी आणि ओळखणारं माणूस हयात असेल तर त्यालाच विचारून लिहावी. जुनी टेप चालते का बघायला म्हणून मशीनमध्ये घालू नये, चिकट झालेली असेल तर वरचा थर तिथेच खरवडून निघतो. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर तो बाकीच्या डब्यांपासून लगेच वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवावा. आणि एखादी टाकी किंवा व्हॉल्व्ह असेल तर उघडू नये, हायड्राझिन या रॉकेट इंधनाचा अंश आत राहिलेला असू शकतो आणि ते विषारी असतं.