नाव ऑडिटर, हातात चेकबुक

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात ‘स्टेट ऑडिटर’ निवडून आला की मराठी बातमीत तो हमखास ‘राज्याचा कॅग’ होतो. सरकारी हिशेब तपासणारा कॅग आपल्याला माहीत आहे: राज्यघटनेचं कलम 148, राष्ट्रपतींकडून नेमणूक, सहा वर्षं किंवा वयाची 65, राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात. तिकडे बऱ्याच राज्यांत हे पद मतदानाने भरतात, हा फरक सगळेच सांगतात. पण गोंधळ होतो तो वेगळ्याच जागी.

प्रश्न असा विचारावा: हा माणूस खर्चाचं बिल पास करतो, की पास झालेलं बिल तपासतो? देयक आलं, तरतूद शिल्लक आहे का, सह्या बरोबर आहेत का, हे बघून पैसे सोडायचे, हे काम आपल्याकडे कोषागार करतं. तिकडच्या जुन्या कायद्यांत याच तपासणीला ऑडिट म्हणत, म्हणून ती करणारा ऑडिटर. आज या कामाला कंट्रोलर हा शब्द चालतो. पैसे गेल्यानंतर बाहेरच्याने व्हाउचर काढून बघणं, योजनेतून काही निघालं का ते विचारणं, आक्षेप नोंदवणं, हे खरं लेखापरीक्षण. दोन्ही कामं एकाकडे दिली की तो स्वतःच्याच सहीवर आक्षेप घेणार, म्हणजे घेणारच नाही.

इलिनॉयमध्ये निवडून आलेला ऑडिटर ऑर्व्हिल हॉज 1956 साली पकडला गेला. पैसे देण्याचे आदेश त्याच्याच कार्यालयातून निघत. खोटे आदेश काढून त्याने 15 लाख डॉलरहून जास्त लाटले. 1970 च्या राज्यघटनेने कामं तोडली: निवडून आलेला कंट्रोलर, आणि विधिमंडळाने दहा वर्षांसाठी नेमलेला ऑडिटर जनरल.

इंडियानाला उशिरा जाग आली. तिथला ‘ऑडिटर’ बिलं भागवायचा, तपासणी स्टेट बोर्ड ऑफ अकाउंट्स करायचं. 2023 मध्ये पदाचं नाव कंट्रोलर झालं. आर्कान्सामध्ये जुनंच नाव आहे. मॅसॅच्युसेट्सचा निवडून आलेला ऑडिटर मात्र खरोखर तपासतो, आणि 2024 मध्ये मतदारांनी त्याला विधिमंडळाचे हिशेबही तपासण्याचा अधिकार दिला. कॅलिफोर्नियात उलटं: कंट्रोलर निवडून येतो, ऑडिटर नेमला जातो. न्यूयॉर्कचा कंट्रोलर पैसेही देतो आणि ऑडिटही करतो. ही रचना मला अजिबात पसंत नाही.

तेव्हा पदनामाचं भाषांतर करण्याआधी पैसे सोडण्याचा आदेश कोण काढतो ते त्या राज्याच्या कायद्यात बघा. आपणही फार हसू नये. कॅगच्या पूर्ण नावात ‘नियंत्रक’, म्हणजे कंट्रोलर, आहे, आणि राज्याचं एकही बिल अडवणं त्याच्या हातात नाही.