सापाची लस नसते, प्रतिविष असतं

‘हाफकिनची सापाची लस’ हे शब्द परळ-लालबागकडे इतके रुळलेत की बातम्यांतही तसेच छापून येतात. हाफकिन संस्था उभी राहिली ती प्लेगच्या लशीमुळे. साप चावल्यावर देतात ते प्रतिविष, म्हणजे सीरम. दोन्ही सुईनंच टोचतात, साम्य तेवढंच.

लस सगळ्यांना ठाऊक आहे: मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू टोचला की शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला किंवा विषाला निकामी करणारी प्रथिनं, बनवतं.

प्रतिविषात हे काम घोडा करतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष त्याला वाढत्या मात्रेत टोचतात, आणि त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं शुद्ध करून आपल्याला देतात. ती आयती मिळत असल्यानं लगेच कामाला लागतात, पण आपलं शरीर त्यातून काहीच शिकत नाही आणि काही आठवड्यांत ती नाहीशी होतात. म्हणून ‘मागच्या वर्षीच सापाची लस घेतलीय’ हा दिलासा खोटा आहे. गावी जाण्याआधी टोचून ठेवायची ही वस्तूच नव्हे. शिवाय घोड्याच्या प्रथिनांची जोरदार ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे ते रुग्णालयातच घ्यावं.

मुंबईनं १८९७ साली हे दोन्ही उपाय पाहिले. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात उष्णतेनं मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस बनवली आणि १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. मार्चमध्ये, प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सिन घोड्यांचं सीरम घेऊन आले, आजारी पडलेल्यांसाठी. त्याला इथं फारसं यश आलं नाही. दोघंही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले.

खरा घोळ होतो तो रेबीजमुळे. लस आधी घ्यायची, तर ही कुत्रं चावल्यावर कशी? कारण विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूकडे सावकाश सरकतो, बहुधा काही आठवडे किंवा महिने. तेवढ्यात लस आपलं काम करते. पण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत शरीराची स्वतःची प्रतिपिंडं पुरेशी तयार नसतात. रक्त आलं असेल आणि पूर्वी रेबीजची लस घेतलेली नसेल, तर आयती प्रतिपिंडं थेट जखमेत टोचावी लागतात. ‘लस घेतली ना, मग हे दुसरं महागडं इंजेक्शन कशाला?’ असं म्हणून लोक परत फिरतात तेव्हा जीव तुटतो. जखम साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा, आणि चिठ्ठीवर लशीखाली ‘इम्युनोग्लोब्युलिन’, म्हणजे हीच आयती प्रतिपिंडं, लिहिलं असेल तर तेही त्याच दिवशी घ्या.